पदवीचे संशोधन आणि सुट्टीतला मार्गदर्शक

मद्रास विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालेले गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांवर एक काम सोपविले. सुट्टीत आपापल्या गावी गेल्यावर त्या गावाची पाहणी करावयाची. जमीन कोणाकडे किती, पिके कोणती, मजुरी किती व कोणत्या रूपात, कर्ज कोणाचे, याची नोंद करून आणावयाची. त्या नोंदींतून ‘सम साउथ इंडियन व्हिलेजेस’ हा ग्रंथ १९१८ मध्ये सिद्ध झाला. त्याचे मोल पुढे कळले. १९३६-३७ मध्ये त्याच गावांची पुन्हा पाहणी झाली. पुढील पिढ्यांतील अभ्यासकही तेथे जात राहिले आणि इरुवेलपट्टू या गावाची कहाणी तर २००८ पर्यंत आणून पोचविण्यात आली. ग्रामीण भारतातील जमीन व मजुरी यांच्या शतकभराच्या स्थित्यंतराचा हा दुर्मीळ पुरावा सुट्टीत घरी गेलेल्या मुलांच्या वह्यांपासून सुरू होतो, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

आज तिची आठवण होण्याचे कारण उघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पदवी चार वर्षांची व १६० श्रेयांकांची होऊ शकते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली होते व त्यांतील १२ श्रेयांक प्रबंधासाठी असतात. त्याआधीही क्षेत्रप्रकल्प आहेत, आंतरवासिता आहे. कागदावर हे सर्व स्वागतार्हच आहे. प्रत्यक्षात घडते ते असे : विद्यार्थी गुगलवर वीस प्रश्नांचा एक फॉर्म तयार करतो, तो व्हॉट्सॲपवर मित्रांना धाडतो, साठ-सत्तर उत्तरे गोळा करतो आणि त्यांचे रंगीत आलेख काढून त्यास प्राथमिक सामग्री म्हणतो. प्रस्तावना गेल्या वर्षीच्या प्रकल्पातून येते, आता तर ती यंत्राकडूनही मिळते. बांधणीवाला सोनेरी अक्षरे छापून देतो. गुण मिळतात.

याचा दोष मुलांच्या माथी मारणे सोपे आहे. वास्तविक त्यांना कोणी विचारावयास हवे होते, आणि ते विचारणारा माणूसच सुट्टीत जागेवर नसतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याची स्थिती थोडी बरी आहे. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त योजनेतून निवड झालेला विद्यार्थी उन्हाळ्यातील दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. समाजशास्त्रांच्या वाट्याला त्या तोडीचे काही आलेले नाही. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. महाराष्ट्राने त्या परिषदेविषयी आत्मीयता बाळगावी हे साहजिक आहे. परंतु तिच्या पाठ्यवृत्त्या पीएच.डी. व त्यापुढील अभ्यासकांसाठी आहेत. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षाच्या मुलाने त्या वयापर्यंत थांबावे अशी जणू अपेक्षा आहे. घरची परिस्थिती बेताची असली म्हणजे तो थांबत नाही. उन्हाळ्यात दुकानात किंवा गोदामात कामाला लागतो. त्याला दोन महिन्यांचे विद्यावेतन न देता संशोधनाची हौस बाळगण्यास सांगणे म्हणजे संशोधन सुखवस्तू घरांपुरते राखून ठेवणे होय.

पदवीच्या मुलांना संशोधन झेपत नाही, असा आक्षेप विद्वत्परिषदांतून नेहमी घेतला जातो. सिद्धान्त मांडणे त्यांना झेपणार नाही हे खरे. तशी अपेक्षाही करू नये. परंतु बीड जिल्ह्यातील एखाद्या गावचा विद्यार्थी घ्या. त्याच्या गावातील ऊसतोडणी मजूर दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि गाळप आटोपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. पुढील हंगामाच्या उचलीची मुकादमाशी बोलणी त्यानंतरच्या महिन्यांत होतात. म्हणजे महाविद्यालयाला सुट्टी असते नेमकी तेव्हा माणसे गावात सापडतात. एका कोयत्यामागे, म्हणजे एका जोडप्यामागे, उचल किती घेतली, ती कशावर खर्च झाली, हंगामाअखेर किती फिटली व किती अंगावर राहिली, हे पंचवीस घरांत बसून नीट लिहून घेणे या मुलाला खचित जमेल. पुण्याहून आलेल्या अभ्यासकाला जे सांगितले जाणार नाही तेही त्याला सांगितले जाईल.

अर्थात गावचा असणे हा जसा लाभ, तसाच तो अडसरही आहे. मुलगा आपल्या भावकीत मोकळेपणाने जातो, पलीकडच्या वस्तीत त्याचे पाऊल अडखळते. पुरुषांशी बोलतो, बाईने मुकादमाविषयी काय सांगितले असते ते नोंदीबाहेर राहते. मुलगी असेल तर तिला उलट अडचणी. येथेच मार्गदर्शक लागतो. वही हाती घेऊन ‘तू कोणत्या घरी गेला नाहीस?’ हा प्रश्न त्याने विचारावयाचा असतो. आधी सर्व घरांची यादी कर, मग त्यांतून निवड. ‘कर्ज आहे का’ असे विचारू नकोस, कोणाकडून, केव्हा, किती, असे विचार. माणसाचे नाव लिहून त्याला अडचणीत आणू नकोस. या गोष्टी पाठ्यपुस्तकातील संशोधनपद्धतीच्या प्रकरणात असतात आणि तेथेच राहतात. आठवड्यातून एकदा कोणी वही तपासली तरच त्या हातात उतरतात.

परंतु वही तपासणार कोण? महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. बरेचदा हाच अध्यापक वयाने तरुण, नेट उत्तीर्ण झालेला व क्षेत्रकामात अलीकडेच हात घातलेला असतो. कायम अध्यापकांची सुट्टी उत्तरपत्रिका, प्रवेश आणि मूल्यांकनाच्या फायली यांत जाते. आयोगाने श्रेयांक ठरविले, शासनाने निर्णय काढले. मार्गदर्शनाच्या तासाला मात्र पैसा ठेवला नाही. एका विद्यार्थ्यामागे आठवड्याचे दोन तास सुट्टीतही मानधनास पात्र धरले, आणि एका अध्यापकाकडे पाच-सहांहून अधिक मुले दिली नाहीत, तर आरंभ होऊ शकेल. चाळीस मुलांमागे एक मार्गदर्शक नेमून केवळ स्वाक्षऱ्याच मिळतील.

आणखी एक गोष्ट राहते, ती कमी खर्चाची आहे. स्लेटरच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या गावी वीस वर्षांनी पुन्हा जाता आले ते त्यांच्या नोंदी छापून ठेवल्या म्हणून. आपल्याकडे प्रकल्पवह्या निकालानंतर कपाटावर चढतात आणि ठरलेली मुदत संपली की रद्दीत जातात. त्यांतील चांगल्या वह्या, माणसांची नावे वगळून, प्रत्येक महाविद्यालयाने ग्रंथालयात गाववार लावून ठेवल्या, तर दहा वर्षांनी त्याच गावातून येणाऱ्या मुलाला कोरी पाने घेऊन निघावे लागणार नाही.