दोष हवेचा की धोरणाचा?

शर्कराकंदाचे पीक बुडाले की युरोपातील कारखानदार आकाशाकडे बोट दाखवितात. आपल्याकडील काही ‘व्यवहारवादी’ पुढारी त्याच कंदाकडे बोट दाखवून म्हणतात, पाणी कमी, पाच-सहा महिन्यांत काढणी, दुष्काळी मराठवाड्याला हेच पीक तारील. दोन्ही युक्तिवादांत एकच लबाडी आहे. पिकावर हवामानाचा परिणाम होतो हे निर्विवाद. त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे मात्र हवामान ठरवीत नाही.

या कंदाची प्रकृती समजून घेतली पाहिजे. मूळचे हे द्विवर्षायू झाड. पुढील वर्षीच्या फुलोऱ्यासाठी पहिल्या वर्षी मुळात साखर साठविते, आणि ती साठवणच आपण लुटतो. शरद ऋतूत दिवस लख्ख व रात्री थंड असल्या की साखर चढते. उन्हाळा कोरडा जाऊन मागाहून पाऊस आला, तर झाड नवी पाने फोडते आणि त्यासाठी मुळातलीच साखर खर्च करते. वजन वाढते, शर्करांश उतरतो. जमिनीतील नत्र उशिरा मोकळे झाले, तर रसात नत्रयुक्त द्रव्ये वाढून साखरेचे स्फटिक नीट बनत नाहीत. कंद गोठून पुन्हा वितळला की तो सडू लागतो, आणि त्याचा रस गाळणीतून जाता जात नाही.

आता दर कसा ठरतो ते पाहा. युरोपात सोळा टक्के शर्करांश प्रमाण मानून दर बांधतात. त्याखाली उतरले की कपात. ओल्या हंगामात कंदाला चिकटून आलेला चिखलही वजनातून वजा होतो. म्हणजे ढगाळ सप्टेंबर असो की ओला नोव्हेंबर, पहिला फटका उत्पादकालाच. पूर्वी त्याला निदान टनास २६.२९ युरो या किमान दराचा आधार होता. सप्टेंबर २०१७ अखेर युरोपीय संघाने साखरेचे कोटे मोडीत काढले, त्यांबरोबर तोही गेला. पाठोपाठ उत्पादन उसळले, भाव कोसळले.

अशा उघड्यावर पडलेल्या शेतकऱ्याला २०२० साल गाठले. फ्रान्समध्ये हिवाळा सौम्य गेला. थंडीने मरावयाचा मावा जगला, लवकर शेतात उतरला आणि पाने पिवळी पाडणारा विषाणू पसरवून गेला. वर उन्हाळ्यात अवर्षण. उत्पादन नेहमीपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. तेव्हा सरकारने काय केले? मधमाश्यांना घातक म्हणून बंदी घातलेली निओनिकोटिनॉइड कीटकनाशके बियाण्याला चोळण्याची सवलत डिसेंबर २०२० मध्ये कायद्याने दिली. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा सवलती बेकायदा ठरविल्या. मधल्या काळात विष परत आले. किमान दराची हमी परत आली नाही! शेतकऱ्याचे संकट पुढे करून कारखान्याचा कच्चा माल सुरक्षित करण्यात आला, एवढाच त्याचा अर्थ. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. पाठ्यपुस्तकातल्या ‘जोखमी’ला धनी नसतो, शेतात मात्र असतो.

हा प्रश्न परका नाही. आपल्या उसाची एफआरपीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याशी बांधलेली आहे. साडेनऊ टक्क्यांखाली कपात थांबते, हे खरे. परंतु युरोपात निदान ज्याच्या त्याच्या मालाचा नमुना तपासतात. येथे साऱ्या कारखान्याच्या सरासरीवर हिशेब, आणि तोडीची तारीखही कारखान्याच्याच हाती. २०२२ साली मराठवाड्यात मे-जूनपर्यंत ऊस फडात वाळत उभा होता. उन्हात वजन घटले, उतारा घटला. हा दोष उन्हाचा की वेळेवर न आलेल्या टोळीचा?

शर्कराकंदाचे प्रयोग जरूर व्हावेत, आमचा कंदाशी दावा नाही. पण लागवडीचे करारपत्र घेऊन कोणी गावात आला, तर कार्यकर्त्यांनी त्याला चारचौघांत तीन गोष्टी विचाराव्यात : किमान दर किती, शर्करांश कोण व कोणासमक्ष मोजणार, आणि मार्चच्या उन्हात काढणी लांबली तर तूट कोणाच्या खात्यावर?