प्रात्यक्षिकाला गुण आहेत, किंमत नाही

बारावीच्या जीवशास्त्रात शंभरपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’मध्ये जीवशास्त्राला ७२० पैकी ३६० गुण असले, तरी त्यांतला एकही गुण हाताने केलेल्या प्रयोगाचा नाही. या विसंगतीचा सर्वाधिक फटका बसतो तो जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगांना. विकरे, प्रथिने, शर्करा हे सारे पर्याय निवडण्यापुरते पाठ होते. परीक्षानळी मात्र कपाटातच राहते.

लाळेचा प्रयोग हे त्याचे उत्तम उदाहरण. स्टार्चच्या पातळ द्रावणात विद्यार्थ्याने स्वतःची लाळ मिसळायची, पांढऱ्या फरशीवर आयोडीनचे थेंब मांडायचे आणि दर मिनिटाला मिश्रणाचा एक थेंब त्यांत सोडायचा. आरंभी गडद निळा-काळा रंग उमटतो, पुढे तो जांभळट, तांबूस होत जातो आणि अखेर आयोडीनचा मूळ पिवळसर रंगच उरतो. लाळेतील अमायलेज या विकराने स्टार्चचे विघटन केलेले असते. उकळलेली लाळ वापरली तर निळा रंग हटत नाही. बर्फात ठेवलेल्या नळीतही तो बराच वेळ टिकतो; पण ती नळी कोमट पाण्यात ठेवली की विघटनाला वेग येतो. थंडीने विकर मंदावते, उकळण्याने ते निकामी होते. हा भेद पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपतो, प्रयोगात तो डोळ्यांसमोर घडतो.

खरी मौज पुढेच आहे. वर्गातील प्रत्येकाचा वेळ वेगळा येतो, कारण लाळेतील अमायलेजचे प्रमाण व्यक्तीगणिक बदलते. हा फरक का पडला, लाळ किती पातळ केली, तापमान राखले होते का, असे प्रश्न इथे उभे राहतात आणि विज्ञानाचे शिक्षण तिथूनच सुरू होते. जर्नलमध्ये मात्र एकच ‘बरोबर’ उत्तर अपेक्षित असते. साहजिकच गेल्या वर्षीच्या जर्नलवरून निरीक्षणे उतरवण्याची परंपरा अखंड चालू राहते.

साधनांची सबब इथे टिकत नाही. साखरेच्या द्रावणात बेनेडिक्टचे द्रावण घालून तापवले तर निळा रंग कायम राहतो. गुळाच्या पाण्यात तो हिरवा-पिवळा होत विटकरीकडे झुकतो, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. साखरेच्याच पाण्यात बेकरीतले यीस्ट भिजवून थोडा वेळ ठेवावे आणि चाचणी पुन्हा करावी, तर रंग बदलतो. यीस्टमधील इन्व्हर्टेजने साखर फोडलेली असते. याच विकरावर काम करून लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगाचे समीकरण मांडले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या संशोधनाचा कच्चा माल आज किराणा दुकानात मिळतो.

मिळत नाही तो वेळ. प्रयोगाला सलग दोन तासिका लागतात आणि ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीत विद्यार्थ्याचा दिवस क्लासच्या सराव परीक्षांनी भरलेला असतो. राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठा उमटवल्याने हजेरी लागेल. प्रयोग होईलच असे नाही.

शासकीय निधीचा ओघही दुसरीकडे आहे. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण भर इलेक्ट्रॉनिक्स, रोबो आणि थ्री-डी प्रिंटरवर. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबई यांच्या ‘ऑनलाइन लॅब्ज’ने प्रयोग पडद्यावर आणले. उजळणीसाठी ते उपयुक्तच आहेत. परंतु पडद्यावरचे विकर कधी बिघडत नाही, आणि प्रयोग फसल्यावर काय शोधायचे हे त्यातून कळत नाही.

दुसरे टोकही याच राज्यात आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाडसाठी भारतीय संघ निवडते. २००८ ची स्पर्धा मुंबईतच झाली होती. तिथे प्रात्यक्षिकाला लेखी परीक्षेइतकेच वजन असते आणि जीवरसायनशास्त्र हा त्यातला नेहमीचा भाग असतो. मात्र संघात विद्यार्थी अवघे चार.

‘नीट’ला २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एवढ्या संख्येची प्रात्यक्षिक परीक्षा घेणे अशक्य, हे मान्य. म्हणूनच मंडळाच्या ३० गुणांना महत्त्व येते. नाव न लिहिलेल्या तीन नळ्या विद्यार्थ्यासमोर ठेवाव्यात: एकीत ग्लुकोज, एकीत साखर, एकीत पातळ स्टार्च. (गूळ नको, त्याचा रंगच चुगली करतो.) आयोडीन आणि बेनेडिक्ट द्यावे, अर्ध्या तासात ओळखण्यास सांगावे आणि जर्नल बाजूला ठेवून त्यावरच गुण द्यावेत. खर्च नगण्य आहे. अडचण एवढीच, की अशा परीक्षेत गुण कमी पडू शकतात, आणि ते ना महाविद्यालयाला परवडणारे, ना क्लासला, ना पालकांना.