विरळ म्हणजे नगण्य नव्हे

छातीत हवा, रक्त किंवा पू साठून फुफ्फुस दबले, की फासळ्यांमधून नळी घालून तो साठा बाहेर काढावा लागतो. हा उपचार प्राण वाचवितो. त्याच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. तथापि नळीच्या वाटेवर मज्जातंतूही असतात, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते.

नळीचे टोक छातीच्या अगदी वरच्या भागात जाऊन टेकले, तर तेथील मज्जातंतूंवर दाब पडतो. त्या बाजूची पापणी झुकते, बाहुली आकसते, चेहऱ्याचा घाम आटतो. स्विस नेत्रवैद्य हॉर्नर यांनी १८६९ मध्ये वर्णिलेला लक्षणसमूह तो हाच. टोक हृदयाच्या बाजूस रुतले, तर श्वासपटल हलविणारा मज्जातंतू दुखावू शकतो. काखेखालचा तंतू दुखावला, तर खांद्याचे पाते पंखासारखे वर येते. प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेने मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. म्हणूनच नळी फासळीच्या वरच्या कडेवरून घालावी, असा दंडक आहे.

अशा इजा विरळ आहेत, हे खरे. परंतु झुकलेल्या पापणीचा अर्थ वेळीच ओळखून नळी थोडी मागे घेतली, तर तंतू सावरण्याची आशा असते; विलंबाने ती मावळते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने मे २००८ मध्ये या उपचाराबाबत इशारा दिला. जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात त्याच्याशी निगडित १२ मृत्यू व गंभीर इजेचे १५ प्रसंग तिच्याकडे नोंदले गेले होते. हा आकडा केवळ मज्जातंतूंच्या इजांचा नव्हे. पण नोंद झाली म्हणूनच इशारा देता आला, हा त्यातील धडा होय.

त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात रुग्णाच्या संमतीची मीमांसा केली. दूरान्वयाचे धोके सांगून रुग्णास भयभीत करण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते रास्तच आहे. श्वासासाठी तडफडणाऱ्या माणसापुढे संकटांची यादी कोण वाचणार? पण आधी न सांगण्याची मुभा म्हणजे नंतर मौन पाळण्याचा परवाना नव्हे. नळी आत असेपर्यंत रुग्णाचे डोळे व श्वास रोज तपासावेत, क्ष-किरण चित्रात टोकाची जागा पाहावी, इजा झाल्यास ती नोंदवून रुग्णास स्पष्ट सांगावी. खाटेशेजारी बसलेला नातेवाईक ‘डोळा वेगळा दिसतो’ म्हणाला, तर त्याला गप्प न बसविता टॉर्च हाती घ्यावी. याला खर्च लागत नाही. लागते ती दक्षता.