बटण कोणाचे, जबाबदारी कोणाची?

वरोऱ्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात हल्ली गिऱ्हाईक नवीच मागणी घेऊन येते. पलंगावर पडल्या पडल्या दिवे बंद व्हावेत, एका बटणात सारे घर विझावे, पाण्याची टाकी भरली की मोटार आपोआप थांबावी, आणि हे सारे स्वस्तात व्हावे. मागणी वावगी नाही. ती पुरी कशी करायची आणि उद्या काही बिघडले तर कोणाला विचारायचे, हा प्रश्न मात्र आमच्या दुकानदार व कारागीर बांधवांपुढे उभा आहे.

आज बाजारात दोन टोके दिसतात. एका टोकाला केएनएक्ससारख्या प्रमाणित यंत्रणा आहेत. युरोपातील तीन जुन्या पद्धती १९९९ मध्ये एकत्र येऊन ही पद्धत तयार झाली. घरभर सुमारे ३० व्होल्टची एक वेगळी तार फिरते आणि प्रत्येक बटण त्या तारेवरून निरोप पाठवते. वायफाय नको, इंटरनेट नको. शिवाय एका कंपनीचे बटण दुसऱ्या कंपनीच्या रिलेशी जुळते. यंत्रणा उत्तम, यात वाद नाही. पण सामान महाग, जुळणीसाठी खास सॉफ्टवेअर आणि शिकलेला माणूस लागतो. तालुक्याच्या गावी दोन-तीन खोल्यांचे घर बांधणाऱ्याला हे झेपणारे नाही.

दुसऱ्या टोकाला घरच्या घरी जुळवलेला उघडा रिले बोर्ड. काही शे रुपयांत येतो, हुशार पोरगा व्हिडिओ पाहून दुपारभरात जोडतो. आम्ही या पोरांच्या हुशारीला नावे ठेवणार नाही. शिकायला यासारखे साधन नाही. पण त्या बोर्डाच्या एका बाजूला ५ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट, मध्ये अवघे काही मिलिमीटरचे अंतर. त्यात धूळ, ओल, मुंग्या शिरल्या की काय होते ते मिस्त्रीला सांगायला नको. रिलेवर १० अँपिअर छापलेले असते, पण ते हीटरसारख्या भारासाठी. मोटार सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढते, संपर्क चिकटतात, आणि मग बटण बंद दाखवते पण वीज चालूच राहते.

आपल्या भागात याचा अर्थ काय? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घराघरांत लोखंडी पत्र्याचा कूलर लागतो. आत पाणी, पाण्यात पंप, आणि टाकी भरायला बहुधा घरातली बाई किंवा मूल जाते. बटण बंद आहे या भरवशावर त्यांनी हात घातला आणि रिले चिकटलेला असला, तर वाचलेल्या चार पैशांची किंमत काय?

स्वयंचलित बटणाचा एक धडा आपल्या शेतकऱ्याने आधीच घेतला आहे. कृषिपंपावरचा ऑटोस्विच सर्वांना ठाऊक आहे. सोय मोठी, रात्री शेतात जाणे वाचते. पण वीज आली की साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो. म्हणूनच ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण करत आले आहे. वस्तू वाईट नव्हती. ती बसवताना पुढचा विचार कोणी केला नाही.

मग मधला मार्ग नाही काय? आमच्या मते आहे, आणि तो तारेचाच आहे. इम्पल्स रिले ही जुनी, साधी वस्तू. घंटीसारखे बटण दाबले की दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. एकाच दिव्याला दार, जिना, पलंग अशी कितीही बटणे समांतर जोडता येतात. यांत्रिक रिले असेल तर वीज जाऊन आली तरी त्याची स्थिती बदलत नाही. १२ किंवा २४ व्होल्टचा रिले घेतला तर हाताखालच्या बटणात २३० व्होल्ट येतच नाहीत. ही बारीक तार मात्र वेगळ्या पाइपातून न्यावी, रिले डीबीत एमसीबीच्या शेजारी बसवावा, मोटारीला रिलेऐवजी कॉन्टॅक्टर द्यावा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व चांगले अर्थिंग यांत काटकसर करू नये. पुढे ऐपत वाढली तर याच तारांवर मोठी यंत्रणा चढवता येते.

अशा बटणांची गरज केवळ हौसेची नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभे केले. कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेला माणूस आपल्या गावाला अनोळखी नाही. अशा हाताला, तसेच म्हाताऱ्या माणसाला, तळहाताने दाबता येणारे मोठे, कमी दाबाचे बटण हा मोठा आधार ठरू शकतो.

आता कायद्याचे बोलू. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ ने घरमालकाला दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची मुभा दिली होती, मात्र जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही हेच तत्त्व राहिले. घरगुती स्विच आणि वायर यांना २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. स्विचवर आयएस ३८५४ आणि पीव्हीसी वायरवर आयएस ६९४ पाहूनच माल घ्यावा व विकावा.

कारागीर म्हणतील, आम्ही वीस वर्षे वायरिंग करतो, कागद कशाला? त्यांचे दुःख आम्ही जाणतो. काम एकाचे आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची, हे अनेक ठिकाणी चालते. सही करणारा पैसे घेतो, अपघात झाला की बोट मात्र मिस्त्रीकडे वळते. यावर उपाय परवान्याला शिव्या देणे हा नव्हे. परवाना आपल्या हाती घेणे हा आहे. मुलाला आयटीआयमध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्री करा, राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना काढा, हाताचे कसब त्याला आहेच. सरकारनेही जुन्या कारागिरांसाठी ही परीक्षा त्यांच्या भाषेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यावी, अशी आमची मागणी आहे.

दुकानदार बांधवांना शेवटची विनंती. उघडा बोर्ड विकायचाच असेल तर शिकण्यासाठी विका, भिंतीत गाडण्यासाठी नको. भिंतीत जे जाते त्याचे पक्के बिल द्या, आणि कोणती तार कोठे गेली याचा नकाशा डीबीच्या झाकणावर आतून चिकटवा. दहा वर्षांनी येणारा दुसरा मिस्त्री तो पाहील, आणि काम कोणाचे होते हे त्याला अभिमानाने सांगता येईल.