सतरा वर्षांचे तप

आपल्याकडे बारा वर्षांचे एक तप. सिंहस्थही बारा वर्षांनीच येतो. पण अमेरिकेत एक किडा आहे; तो सतरा वर्षे जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पीत बसतो आणि मग कोट्यवधींच्या संख्येने एकदम वर येतो. तिकडे त्याला ‘सिकाडा’ म्हणतात. रातकिडा म्हणावे, तर हा ओरडतो दिवसा! तेव्हा मराठीच्या प्राध्यापकानेही त्याला सिकाडाच म्हणावे, हे बरे.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी शिकागोजवळ धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा नेमकी या मंडळींची पर्वणी होती. वीतभर खोलीवरची माती १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की ती बाहेर निघतात. त्या साली इलिनॉयच्या उत्तरेकडे सतरा वर्षांचे आणि दक्षिणेकडे तेरा वर्षांचे सिकाडे एकाच वेळी निघाले. या दोन झुंडींचा असा योग आधी १८०३ साली आला होता. आता येईल तो २२४५ साली!

भावाने मला फटफटीवर मागे बसवले. त्या राज्यात हेल्मेटची सक्ती नाही. डोळ्यांपुढे काच मात्र हवीच. कायदा करणाऱ्याने सिकाडा पाहिला असावा. पेराएवढा किडा, डोळे लालभडक, वजन जेमतेम ग्रॅमभर. चावत नाही, डसत नाही. पण उडण्यात अगदी कच्चा. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात तो काचेवर गोटीसारखा आपटतो. २०२१ साली सिनसिनाटीत एक सिकाडा उघड्या खिडकीतून मोटारीत शिरला, चालकाच्या तोंडावर आदळला आणि मोटार खांबावर गेली.

“तोंड मिटून बस, दादा,” भाऊ म्हणाला. बोलण्यावरच ज्याचे पोट, त्याला ही शिक्षाच!

मक्याच्या शेतांतून जाताना सारे शांत असे. झाडी आली, की नरांचा गजर इंजिनाच्याही वर चढे. यंत्राची घरघर माद्यांना नराची साद वाटते, असे तिकडचे शास्त्रज्ञ म्हणतात. एका झाडाखाली फटफटी थांबवली, तर पाच-सहा जणी भावाच्या कोटावर येऊन बसल्या. त्याने एकेकीला अलगद उचलून खोडावर ठेवले.

“मी इथे उतरलो, त्या उन्हाळ्यातही हेच ओरडत होते,” तो म्हणाला.

म्हणजे २००७. “दोन वर्षांत परत येतो,” असे आईला सांगून तो निघाला होता. यांची पुढची पाळी २०४१ साली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. हिशेब मी मनातच केला. त्यानेही केला असावा, कारण बराच वेळ तो काच पुसत राहिला.

मग म्हणाला, “दादा, नाशिकचा सिंहस्थ कधी रे?”

“२०२७ ला.”

“आईला मी नेईन. तिला सांग.”

मी म्हटले, “तूच सांग.” त्याने तिथूनच घरी फोन लावला. मागच्या गजरात आईला अर्धे ऐकू आले नसेल. पण तिने साल तेवढे पक्के विचारून घेतले. ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्या वाचकांना ते का, हे सांगायला नको.