मुहूर्ताआधी पन्हळ पाहा

आपल्याकडे घराचा सौदा बहुधा मुहूर्त पाहून होतो. त्यातले गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे दोन मोठे मुहूर्त उन्हाळ्यात येतात. तेव्हा भिंती कोरड्या असतात, रंगही ताजा असतो. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, स्टेशन किती मिनिटांवर आहे, गाडी लावायला जागा आहे का, हे सगळे विचारले जाते. छतावर पडलेले पाणी कोणत्या वाटेने खाली जाते, हे मात्र फार थोडे जण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मग जुलैमध्ये बेडरूमच्या भिंतीवर उमटते.

हिशेब साधा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी जमते, म्हणजे एक मोठा टँकर. कोकणात असे दिवस दरवर्षी येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. हे सगळे पाणी उतारावरच्या छपराला पन्हळीतून आणि सपाट गच्चीला जाळीतून दोन-चार पाइपांपर्यंत पोहोचायचे असते. वाट तुंबली की पाणी भिंतीत मुरते.

ओल हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. ओलसर भिंतीवर बुरशी वाढते आणि तिचे बारीक कण श्वासावाटे शरीरात जातात. घरातील ओल व बुरशी यांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. घरात दम्याचे मूल किंवा वृद्ध असतील तर त्रास सर्वांत आधी त्यांना होतो. पन्हळीत साचलेले पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचेही आवडते ठिकाण. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा पुरतो आणि कोरड्या कडेला चिकटलेली अंडी काही महिने टिकून राहतात. शिवाय स्लॅबमध्ये मुरलेल्या पाण्याने सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे तुकडे सुटू लागतात. आयुष्यभराची पुंजी घातलेले घर असे आतून खचत जाते.

म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी एकदा गच्चीवर जावे. रो-हाऊस किंवा बंगला असेल तर माहितगार माणसाला शिडीवर चढवून पन्हळ तपासून घ्यावी. पन्हळीच्या वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतावे. ते न थांबता पाइपात उतरले पाहिजे. मध्येच डबके राहिले तर उतार चुकला आहे. पाइपाच्या सांध्यांशी गंज, चिरा किंवा पिंपळाचे रोप दिसते का, ते पाहावे. पाइपामागच्या भिंतीवर हिरवा-काळा ओघळ असेल तर गळती जुनी आहे, असे समजावे. पाइपाचे खालचे तोंड पायाशीच रिकामे होत असेल तर तीही धोक्याची खूण. घराच्या आत वरच्या मजल्याचे कोपरे आणि कपाटामागची भिंत पाहावी. एकाच भिंतीला नवा रंग का दिला, हे विचारावे. कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये. शेजाऱ्यांना ‘पावसात कुठे गळते का हो?’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. शक्य असेल तर घर एकदा भर पावसातही पाहून घ्यावे.

कायद्याचा थोडा आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष लेखी कळवला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे गळतीची तक्रार तोंडी न करता लेखीच करावी. पाच वर्षे उलटून गेलेल्या घराला मात्र हा आधार उरत नाही. तिथे खरेदीदाराला स्वतःच्याच डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. गळतीचा इतिहास आणि दुरुस्तीच्या पावत्या विक्रेत्याने व्यवहाराच्या कागदपत्रांसोबत देण्याची पद्धत पडायला हवी. खरेदीदारांनी मागितल्याशिवाय ती पडणार नाही.

पन्हळीत दोष सापडला म्हणून घर सोडावेच असे नाही. पन्हळ बदलणे हे काही दिवसांचे काम आहे आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी बाहेर काढणे त्याहून कितीतरी महाग पडते आणि बिघडलेल्या तब्येतीची भरपाई तर कोणत्याच करारात लिहिलेली नसते. मुहूर्त जरूर पाहावा, पण त्याआधी दोन बादल्या पाणी ओतून पाहावे.