चुलीने राखलेले वर्ष

आज, 17 फेब्रुवारी 2026. आपल्या पंचांगात माघातली अमावास्या, तर चीनमध्ये वर्षाचा पहिला दिवस. घोड्याचे वर्ष आजपासून सुरू झाले. दोन्हीकडची पंचांगे एकमेकांना परकी नाहीत. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचे, आणि दोघांचा मेळ बसावा म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, हा हिशेब तिकडेही तोच आहे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत होत नाही तो अधिक. त्यांच्याकडे सूर्याच्या बारा मुख्य टप्प्यांपैकी एकही ज्या महिन्यात पडत नाही तो अधिक. पंधराव्या दिवशीचा त्यांचा दिव्यांचा सण यंदा 3 मार्चला, आपल्या फाल्गुनी पौर्णिमेलाच येतो आहे.

या शेजाऱ्याविषयी आपल्या वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुधा सीमा, व्यापार आणि सैन्य यांबद्दल. त्याच्या घरातल्या चुलीबद्दल क्वचितच. आज ते लिहायला हवे. चीनचा वसंतोत्सव, म्हणजे हेच चांद्र नववर्ष, गेल्या शंभर वर्षांत सरकारांनी एकदा नव्हे, दोनदा मोडायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो स्वयंपाकघरात तगून राहिला.

सणाची चाहूल लागते ती चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या अष्टमीला, म्हणजे लाबाला. ‘लाबा सरला की वर्ष आलेच’ अशी तिकडे म्हण आहे. त्या दिवशी तांदूळ, बाजरीसारखी धान्ये, घेवड्याचे दाणे, लाल चिनी बोरे, शेंगदाणे, कमळाच्या बिया असे घरात जे असेल ते एकत्र शिजवून दाट पेज करतात. चिनी बौद्धांच्या मते बुद्धाला बोधी मिळाली तो हा दिवस, आणि ही पेज त्याला सुजाताने दिलेल्या खिरीची आठवण. बीजिंगच्या योंगहे मंदिरापुढे थंडीत पहाटेपासून तिच्यासाठी रांगा लागतात. निरंजनेच्या काठची एक वाटी खीर इतक्या दूर जाऊन कडधान्यांची झाली आणि तिथल्या वर्षाच्या उंबरठ्यावर बसली, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

पण खरा मुहूर्त तेविसाव्या दिवसाचा. दक्षिणेत तो चोविसावा. त्या दिवशी चुलीचा देव झाओ-च्युन स्वर्गात जातो. हा देव म्हणजे लाकडी ठशाने छापलेले एक रंगीत चित्र. शेजारी त्याची पत्नी, आणि पुष्कळदा वरच्या बाजूला नव्या वर्षाचे पंचांगही छापलेले. ते चुलीच्या वर भिंतीला चिकटवतात. वर्षभर तो सगळे पाहतो, ऐकतो: कोण किती वाया घालवते, कोण कोणाला टाकून बोलते. धुराने आणि तेलाच्या वाफेने त्याचा चेहरा काळवंडतो. मग तेविसाव्याला त्याच्यापुढे माल्टची चिकट मिठाई ठेवतात, तिचे बोट त्याच्या ओठांना लावतात. कोणी म्हणते, तोंड गोड होऊन तो स्वर्गाच्या सम्राटापुढे चांगलेच बोलेल. कोणी म्हणते, दात इतके चिकटतील की त्याला बोलताच येणार नाही. त्याच्या घोड्यासाठी थोडा चारा आणि पाणी ठेवतात. मग चित्र उतरवून जाळतात, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याच जागी नवे कोरे चित्र लावतात.

या पूजेविषयी एक जुनी म्हण आहे: पुरुषाने चंद्राला पुजू नये, बाईने चुलीच्या देवाला. जी बाई वर्षभर त्या देवासमोर उभी राहून भात शिजवते, जिच्या हातचा धूर त्याच्या चेहऱ्यावर बसलेला असतो, तिलाच त्याच्या निरोपाचा विधी करायला मनाई. ही म्हण आम्हांला विसरता येत नाही. पुढचे सगळे वर्णन वाचताना वाचकांनीही ती ध्यानात ठेवावी.

निरोपानंतरचा आठवडा नुसत्या कामाचा. उत्तरेकडे दिवसागणिक काम ठरलेले: जळमटे काढणे, टोफू करणे, मांस शिजवणे, पीठ आंबवणे, मांतोऊ नावाचे पाव वाफवणे. शांतुंगच्या किनारी भागात या पावांना फुलांचे, माशांचे आकार देतात आणि वर बोरे खोचतात. दक्षिणेत, निंगबोच्या बाजूला, तांदळाची चिवट वडी, न्येनगाव. ‘दहा ली गेले की वारा वेगळा, शंभर ली गेले की रीत वेगळी’ असे चिनी माणूस म्हणतो. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणणाऱ्यांना ते समजावून सांगायला नको.

वर्षाच्या शेवटच्या रात्री उत्तरेतल्या घराघरांत जिआओझी वळतात. चायनीज कोबी बारीक चिरून, मीठ लावून, पाणी घट्ट पिळून काढायचे आणि तो डुकराच्या खिम्यात आले-कांद्याबरोबर मिसळायचा. वीतभर लाटण्याने पारी अशी लाटायची की मध्यभागी जाड राहील आणि कडेला पातळ होईल. नाहीतर उकळत्या पाण्यात पोट फुटते. सारण भरून करंजीसारखी कड दाबायची. तयार जिआओझीचा घाट जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा दिसतो, म्हणून ती धनाची खूण. एखादीत नाणे घालतात. ज्याच्या दाताखाली ते येईल त्याचे वर्ष भाग्याचे. घरातले सगळे वळायला बसतात, हीही एक जुनी आणि चांगली रीत. प्रवासाला निघणाऱ्याला जिआओझी आणि परतून येणाऱ्याला शेवया, अशीही उत्तरेत म्हण आहे.

त्या रात्रीच्या ताटात अखंड मासा असतो, आणि तो संपवायचा नसतो. मासा आणि शिल्लक या दोन्हींचा उच्चार चिनीत एकच, त्यामुळे उरलेला मासा म्हणजे पुढच्या वर्षाची बेगमी. समुद्र आणि नद्यांपासून दूरच्या काही गरीब भागांत लाकडाचा कोरलेला मासा ताटात ठेवून त्यावर रस्सा ओतत. या लाकडी माशातून त्या मुलखाची गरिबी कळते आणि हट्टही. कारण वर्षअखेर गरिबाला सुखाची नसे. जुनी देणी त्याच दिवशी चुकती करायची, म्हणून तो दिवस नाक्यासारखा वाटे, कसाबसा पार करायचा. 1945 साली येनानमध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ या संगीतिकेची सुरुवातच तिथे होते: सावकाराच्या भीतीने लपून राहिलेला बाप वर्षाच्या शेवटच्या रात्री घरी येतो तो थोडे पीठ आणि मुलीच्या वेणीसाठी लाल फीत घेऊन.

सहाव्या शतकात त्सुंग लिन याने यांगत्सेच्या मधल्या खोऱ्यातल्या चालीरीतींची नोंद करून ठेवली. तीत नववर्षाच्या सकाळी औषधी मद्य प्यायची पद्धत येते. पहिला घोट घरातल्या सर्वांत धाकट्याचा, शेवटचा सर्वांत वडील माणसाचा, कारण लहानाला एक वर्ष मिळाले आणि म्हाताऱ्याचे एक गेले. वडीलधाऱ्यांचा मान ज्या समाजात इतका कडक, तिथे वर्षातून एकदा क्रम असा उलटत असे. एवढी कोवळी रीत आम्ही फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

आता सरकारांकडे येऊ. 1912 मध्ये चीन प्रजासत्ताक झाला आणि सन यत्-सेन यांच्या सरकारने ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली. चांद्र नववर्षाला ‘वसंतोत्सव’ हे नाव मिळाले ते त्यानंतर, 1914 मध्ये; तोवर ते नुसते ‘वर्ष’ होते. 1928 नंतर नानकिंगच्या राष्ट्रवादी सरकारने पुढचे पाऊल टाकले. जुने पंचांग छापू नये, दुकाने बंद ठेवू नयेत, शाळा-कचेऱ्यांनी सुट्टी देऊ नये, काय साजरे करायचे ते 1 जानेवारीला करावे. काही वर्षांतच हा आग्रह सैल झाला, कारण लोक घरी जुनेच वर्ष करत राहिले. कम्युनिस्ट सरकारने 1949 मध्ये तीन दिवसांची सुट्टी दिली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या भरात, जानेवारी 1967 मध्ये, तीही काढून घेतली. चुलीच्या देवाची चित्रे अंधश्रद्धा ठरली. पुष्कळ ठिकाणी सणाच्या दिवशी कोंडा आणि रानभाज्यांचे ‘दुःख-स्मरणाचे जेवण’ जेवायला लावले गेले. पण त्याच वर्षांत शहरांतल्या शिधापत्रिकांवर सणापुरते मूठभर जास्त शेंगदाणे आणि भाजलेल्या बियाही मिळत. म्हणजे सुट्टी रद्द करणाऱ्या सरकारलाही सण रद्द करता आला नाही. सत्तरचे दशक सरता सरता सुट्टी परत आली. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने वसंतोत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली, आणि 2025 पासून वर्षाचा शेवटचा दिवसही सरकारी सुट्टीचा झाला.

आपल्या मुंबईतही या सणाचा एक धागा आहे. माझगावच्या नवाब टँक रस्त्यावर, साध्या दुमजली घरात, 1919 मध्ये बांधलेले सी यूप मंदिर उभे आहे. क्वांगतुंगहून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ते उभारले. वर न्यायाचा देव क्वान कुंग, खाली करुणेची देवी क्वान यिन. 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या अनेक कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले, पुष्कळांनी देश सोडला, आणि माझगावची वस्तीही विरळ झाली. उरलेली कुटुंबे अजून नववर्षाला तिथे उदबत्ती लावतात. ती मुंबईचीच माणसे आहेत.

‘पैसा असो नसो, वर्षाला घर गाठावे’ ही म्हण आज सगळ्यांत जास्त खरी करतात ते शहरांत राबणारे मजूर. चाळीस दिवसांच्या या प्रवासहंगामात 2025 साली सुमारे 900 कोटी फेऱ्या झाल्याची सरकारी मोजणी आहे. गावात आजी-आजोबांकडे ठेवलेले मूल वर्षातून याच वेळी आई-बापांना भेटते. 2020 मध्ये वूहान बंद झाले ते 23 जानेवारीला, वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या आदल्या दिवशी, आणि लक्षावधी ताटे मांडायची राहिली.

आणि त्या ताटांमागची बाई? लू शुन यांच्या 1924 च्या ‘नववर्षाचा नैवेद्य’ या कथेत श्यांगलिनची बायको दोनदा विधवा झालेली मोलकरीण आहे. कोंबड्या मारण्यापासून रात्रभर मांस शिजवण्यापर्यंत कष्टाला तिची ना नाही. पण नैवेद्याच्या भांड्यांना तिने हात लावायचा नाही. ती अशुभ. मंदिराला स्वतःच्या मजुरीतून उंबरठा देऊनही तिला तो हात लावू दिला जात नाही, आणि गावात नववर्षाचे फटाके वाजत असताना तिच्या मरणाची बातमी येते. महाराष्ट्रात ही कथा कोणालाही परकी वाटणार नाही. चुलीचा देव न पुजण्याची म्हण आणि ही कथा एकाच घरातल्या आहेत.

नववर्षाच्या पहिल्या दिवसांत केरसुणी, सुरी आणि सुई यांना हात लावू नये, असाही संकेत आहे. कारणे भाग्य वाहून जाण्याची, नशीब कापले जाण्याची सांगतात. आमच्या समजुतीप्रमाणे वर्षभर राबलेल्या बाईने स्वतःसाठी काढून घेतलेली ती सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी ती माहेरी जायची. वर्षाच्या शेवटच्या रात्रीचे जेवण मात्र सासरीच.

ही रीत आता बदलते आहे. एक मूल धोरणात वाढलेली पिढी लग्नाची झाली. नवराही एकुलता, बायकोही एकुलती. शेवटच्या रात्री कोणाच्या घरी, यावरून आता भांडणे होतात. काही जोडपी आळीपाळीने जातात, काही दोघांच्याही आई-वडिलांना शहरात बोलावून घेतात, आणि पुष्कळजण ते जेवण हॉटेलात जेवतात. याला सणाची पडझड म्हणणारे तिकडे थोडे नाहीत. आम्हांला ते पटत नाही. वळायला सगळे बसत, पण आठवडाभराचे बाकीचे काम बाईचेच होते, आणि तिने ते सरकारी हुकूम मोडूनही पार पाडले. हॉटेलातल्या मेजावर मासा अखंडच येतो. तो वाढला जात असताना सून आपल्या आईशेजारी बसलेली असते. हा बदल झाला ते बरे झाले.